लुधियानातली मोजणी

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकारात मुख्यतः दोन आजार येतात: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. भारतात हे दुखणे विरळा, असे डॉक्टर मंडळी बराच काळ मानत आली. रुग्णालयातल्या नोंदींवरून एखाद्या प्रदेशातले प्रमाण काढता येत नाही, कारण तिथे आलेले रुग्ण मोजता आले तरी ते किती लोकसंख्येतून आले हे ठरत नाही. म्हणूनच लुधियानाच्या डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पंजाबात घरोघर जाऊन केलेली पाहणी मला फार मोलाची वाटते.

त्यांनी ५१,९१० माणसांची विचारपूस केली. लक्षणांवरून १४७ जण संशयित ठरले. त्यांतल्या २३ जणांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस दुर्बीण-तपासणी आणि बायोप्सीने पक्का झाला. म्हणजे लाखामागे ४४.३ रुग्ण. संख्या लहान असल्याने खरे प्रमाण २९ ते ६७ च्या दरम्यान कुठेही असू शकते. तरीही अर्थ स्पष्ट आहे: हेच प्रमाण धरले, तर तीन लाख वस्तीच्या तालुक्यात सव्वाशेच्या वर रुग्ण निघतील. त्याला विरळा म्हणता येत नाही.

संशयित १४७ आणि पक्के २३, ही गाळणी नीट पाहायला हवी. आपल्याकडे शौचातून रक्त-आव पडायची कारणे पुष्कळ: अमीबा, जिवाणूंचा संसर्ग, मूळव्याध. नुसते प्रश्न विचारून मोजले असते, तर आकडा सहापट फुगला असता. उलट चूकही संभवते. हा आजार उफाळतो आणि शमतो. शमलेल्या काळात आतड्याचे अस्तर जवळजवळ निरोगी दिसू शकते. रक्त पडते ते मूळव्याधीमुळेच, अशी समजूत करून घेऊन संकोचाने गप्प बसणारेही असतात. त्यामुळे ४४.३ हा आकडा मी किमान अंदाज मानतो.

वर्षभराने हेच पथक त्याच वस्त्यांत पुन्हा गेले. ४९,८३४ लोकांत तीन नवे रुग्ण पक्के झाले, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे ६. आता एकूण रुग्णांच्या दराला नव्या रुग्णांच्या दराने भागले, तर सात-साडेसात वर्षे येतात. परिस्थिती स्थिर असेल, तर हा भागाकार आजाराची सरासरी मुदत सांगतो. पण हा आजार बहुधा ऐन तारुण्यात जडतो, जन्मभर सोबत राहतो आणि सहसा जीव घेत नाही. मग मुदत इतकी तोकडी कशी? एक तर जुने रुग्ण नजरेतून सुटले, किंवा नवे रुग्ण अलीकडे वाढू लागले होते. तीन रुग्णांच्या बळावर निवाडा करता येणार नाही, पण मला दुसरी शक्यता जास्त पटते. ब्रिटनमधल्या लेस्टरशायरमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत हा आजार तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळला होता. आजार व्हायची क्षमता आपल्या शरीरात आहेच. राहणीमान बदलले की ती उघड होते.

क्रोन्सचे काय? अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून वर सरकतो, त्यामुळे शेवटच्या भागापुरती दुर्बीण पुरते. क्रोन्स मात्र अनेकदा लहान आतड्याच्या टोकाशी बसतो, आणि आतड्याचा क्षयही नेमका तिथेच होतो. दोन्हींत पोट दुखते, वजन घटते, ताप येतो, बायोप्सीत गाठीही सारख्याच दिसू शकतात. म्हणून अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे देतात आणि दोन-तीन महिन्यांनी आतड्यातले व्रण भरले का, ते पाहून निदान ठरवतात. घरोघरच्या पाहणीत हे साधणे कठीण. क्रोन्स मोजायचा, तर निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची जिल्हावार कायम नोंद ठेवावी लागेल आणि त्या नोंदीत क्षयाच्या उपचारांचा निकालही लिहावा लागेल.