वडपळनीचा पत्ता

या मालिकेत आपण आजवर बरेच किल्ले आणि लढाया पाहिल्या. आजही किल्ले आहेत, लढाया आहेत. फक्त त्या कुठल्याच नकाशावर सापडणार नाहीत.

१९८३ साली मी सेंट थॉमस माउंटच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो, तेव्हा मद्रासमधला एकच पत्ता मला ठाऊक होता, वडपळनी. ‘चांदोबा’त छापलेला. पहिल्याच मोकळ्या रविवारी कत्तीपाऱ्याहून बस पकडून तिथं गेलो. बावीस वर्षांचा, बारीक केस कापलेला कॅडेट मुलांच्या मासिकाचं ऑफिस शोधत फिरतोय! रविवार, फाटक बंद. रखवालदाराला माझं हिंदी कळेना, मला त्याचं तमिळ. परत आलो.

मला भेटायचं होतं ‘चित्रा’ला. दर महिन्याच्या अद्भुत मालिकेतल्या चित्रांच्या कोपऱ्यात ही सही असायची. कुणी तरी बाई, अशी माझी लहानपणापासून समजूत. पुढे कळलं, ते टी. व्ही. राघवन नावाचे गृहस्थ.

आणि मालिका लिहिणारे होते दासरि सुब्रह्मण्यम. कराडच्या घरी माझ्याकडे अंकांची चळत होती, पण हे नाव मला ठाऊक नव्हतं. ते कानावर पडलं २०१० नंतर, म्हणजे ते गेल्यावर.

थोडा इतिहास सांगतो. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चांदमामा’ सुरू केला. १९५७चा ‘मायाबाजार’ हा चित्रपटही याच जोडीचा. १९५२मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला. त्याच वर्षी विशीतले दासरि संपादक विभागात रुजू झाले. मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा, मग इतर भाषांत उतरायचा. चित्रं सगळ्यांना तीच. म्हणजे कराडचा मी आणि तेनालीतला माझ्या वयाचा कुणी पोरगा एकाच मांत्रिकाला घाबरत होतो.

१९५४च्या ‘तोकचुक्क’पासून, म्हणजे धूमकेतूपासून, १९७८पर्यंत दासरींनी अशा बारा मालिका लिहिल्या. ‘ज्वालाद्वीपम’, ‘राकासि लोय’, ‘भल्लूक मांत्रिकुडु’. ‘माया सरोवरम’मध्ये जयशील आणि सिद्धसाधक राजाच्या पळवलेल्या मुलांच्या शोधात निघतात आणि एका संकटातून दुसऱ्यात सापडत जातात. फौजी माणूस म्हणून सांगतो, या पोरांचं शत्रूच्या मुलखातलं वागणं मला पटायचं. आधी टेहळणी, मग चाल.

पण आज बोलायचं आहे ते त्यातल्या प्रेमाविषयी. आपल्या मराठीत अद्भुताची सुरुवात झाली ती ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा कादंबऱ्यांतून. तिथं नायिकेचं रूप आणि तिचा विरह यांना जागा कमी पडत नाही. दासरींकडे याच्या अगदी उलट. मला आठवतात त्या मालिकांत नायक जंगल तुडवतो, राक्षसाशी झुंजतो, आणि जिच्यासाठी हे चाललंय तिच्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही. शेवटी लग्न उरकलेलं असतं, ओळ-दोन ओळींत. मुलांचं मासिक म्हणून हे असं, असं काही जण म्हणतील. असेलही. पण चौदाव्या वर्षी मला त्या न बोलण्यातच सगळं कळायचं, आणि प्रेम असंच करायचं असतं अशी माझी ठाम समजूत झाली.

तिची किंमत घरात मोजली गेली. १९८९ साली लग्नानंतर चार महिन्यांत मी उंचावरच्या चौकीवर गेलो. पत्र दोन-तीन आठवड्यांनी पोचायचं. मी लिहायचो : तब्येत ठीक, बर्फ चार फूट, लोकर मिळाली. पत्नी आजही म्हणते, “तुमची पत्रं म्हणजे हवामान खात्याचं बातमीपत्र.” हसून म्हणते, पण त्या हिवाळ्यात ती हसत नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं.

निवृत्तीनंतर आम्ही लेकीजवळ चेन्नईत आलो. ‘चांदोबा’ छापणं केव्हाच थांबलं. विजया-वाहिनी स्टुडिओच्या जागेवर आता मॉल आहे. गेल्या पावसाळ्यात कराडहून माझी जुनी चळत आणली. पत्नीनं एक मालिका सलग तीन दुपारी वाचून काढली. शेवटचं पान उलटून मला विचारलं, “एवढंच? लग्न झालं, संपलं? तो तिला काही बोललाच नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

तिनं अंक मिटला आणि पुढची मालिका कुठल्या अंकापासून आहे, ते शोधायला लागली.