सोलर पंपाचा कंट्रोलर ‘ट्रिप’ का होतो? पीक करंट कंट्रोल सोप्या भाषेत

समजा, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या शिवारात भर दुपारी सोलर पंप चालू आहे. विहिरीतला गाळ पंपात शिरतो, पंखा अडकतो आणि मोटर जागेवर थांबते. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर ‘ओव्हर करंट’ असा एरर येतो आणि पाणी बंद! आपल्याला वाटतं, कंट्रोलर बिघडला. पण बऱ्याचदा त्याने मोटरला आणि स्वतःलाही वाचवलेलं असतं. कसं ते पाहूया.

कंट्रोलरच्या आत काय चालतं?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत 3, 5 आणि 7.5 एचपीचे पंप मिळतात. पॅनल डीसी वीज देतं. पंपाला हवी तशी वीज करून देण्याचं काम कंट्रोलरचं. त्यासाठी आतले मॉसफेट किंवा आयजीबीटी हे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. कोणता स्विच कधी चालू करायचा, हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो.

मग फ्यूज कशाला कमी पडतो?

540 वॅटचं एक पॅनल चालताना साधारण 13 अँपिअर करंट देतं आणि शॉर्ट झालं तरी 14 अँपिअरच्या आसपासच. त्यामुळे एकाच रांगेत जोडलेली पॅनल असतील तर त्या बाजूचा फ्यूज उडण्याइतका करंट मिळतच नाही. खरा धोका कंट्रोलरमधल्या कपॅसिटरचा. त्यात साठलेली वीज एका झटक्यात स्विचमधून वाहू शकते. बरेच आयजीबीटी शॉर्ट सर्किट जेमतेम 10 मायक्रोसेकंद सहन करतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. फ्यूज वितळेपर्यंत स्विच जळून गेलेला असतो.

पीक करंट कंट्रोल म्हणजे काय?

कन्व्हर्टरमध्ये इंडक्टर, म्हणजे तारेचं वेटोळं असतं. त्यातला करंट एकदम उसळत नाही, चढत जातो. 100 मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरवर 50 व्होल्ट दिले तर करंट दर मायक्रोसेकंदाला अर्धा अँपिअर वाढतो. याचाच फायदा घेतला जातो:

1. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला स्विच चालू होतो.
2. करंट चढू लागतो आणि सेन्सर तो मोजत राहतो.
3. करंट ठरलेल्या मर्यादेला टेकला की स्विच बंद. मर्यादा 2 अँपिअर असेल आणि करंट शून्यापासून चढत असेल, तर वरच्या उदाहरणात 4 मायक्रोसेकंदांत.
4. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

स्विच 100 किलोहर्ट्झवर चालत असेल तर एक फेरी 10 मायक्रोसेकंदांची. म्हणजे सेकंदाला एक लाख वेळा तपासणी! मोबाइलच्या अनेक चार्जरमध्येही हीच युक्ती असते.

एक अडचण मात्र आहे. स्विच फेरीच्या निम्म्याहून जास्त वेळ चालू राहिला तर करंट एका फेरीत जास्त, दुसरीत कमी असा डोलू लागतो. म्हणून मर्यादा फेरीभर थोडी थोडी खाली आणतात. याला स्लोप कॉम्पेन्सेशन म्हणतात.

हे काम सॉफ्टवेअर का करत नाही?

करंट मोजा, आकडा वाचा, निर्णय घ्या, यात प्रोग्रामचे काही मायक्रोसेकंद जातात. तेवढ्यात उशीर होतो. म्हणून एसटीएम32जी4 किंवा सी2000 सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये कम्पॅरेटर चिपच्या आतच असतो. सॉफ्टवेअर फक्त मर्यादा सांगून ठेवतं. मर्यादा ओलांडली की कम्पॅरेटर प्रोग्रामला न विचारता थेट स्विच बंद करतो.

संरक्षण दोन पातळ्यांवर

पहिली पातळी: करंट थोडा वाढला तर फक्त ती फेरी कापायची, पुढची नेहमीसारखी सुरू. मोटर चालवणाऱ्या भागातही अशी मर्यादा ठेवता येते. दुसरी पातळी: शॉर्ट किंवा मोठा बिघाड असेल तर सगळे स्विच बंद करून एरर दाखवायचा आणि रिसेट होईपर्यंत थांबायचं. यालाच आपण ‘ट्रिप’ म्हणतो.

विहीर कोरडी पडली तर मात्र उलटं होतं. मोटरवर भार नसल्यामुळे करंट कमी होतो. म्हणून ‘ड्राय रन’चा एरर वेगळा येतो.

तुम्ही काय करायचं?

- एरर कोणता आहे त्याचा फोटो काढून ठेवा.
- पुन्हा पुन्हा रिसेट मारू नका. आधी गाळ, अडकलेला पंप किंवा खराब केबल हे कारण शोधून घ्या.
- फ्यूजच्या जागी तार लावू नका, संरक्षण बायपास करू नका.
- कंट्रोलर स्वतः उघडू नका. पॅनलच्या रांगेत शेकडो व्होल्ट असू शकतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते.
- या योजनेत पंपाला 5 वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा.

थोडक्यात, ट्रिप झालेला कंट्रोलर कारण दूर केलं की पुन्हा चालू होतो. जळालेला मात्र बदलावाच लागतो आणि तोवर पीक पाण्यावाचून राहतं.