दोन नोंदवह्या
इंग्लंडचा राजा विल्यम यानें १०८६ सालीं गांवोगांवच्या जमिनी, नांगर व गिरण्या यांची नोंद करविली. तेंच ‘डूम्सडे बुक’. नऊशें वर्षांनीं, १९८६ सालीं, बीबीसीनें शाळकरी मुलांनीं लिहिलेलीं आपापल्या परिसराचीं वर्णनें लेसर-तबकड्यांवर सांठविलीं. विद्यार्थ्यानें पडद्यावरील नकाशांत स्थळ निवडावें व तेथील हकीकत वाचावी, अशी योजना होती. परंतु यंत्र महाग. पंधरा-सोळा वर्षांत तें दुर्मिळ झालें आणि तबकड्यांतील मजकूर संशोधकांस मोठ्या प्रयासानें सोडवावा लागला. जुना चर्मपत्री ग्रंथ मात्र आजही वाचतां येतो.

तरी हा खटाटोप व्यर्थ गेला असें आम्हांस वाटत नाहीं. गांव न्याहाळून लिहितांना मुलांस जें कळलें, तें तबकडीच्या आधीन नव्हतें. वर्गांत डिजिटल फळे आणतांना आपणही हेंच पाहावें: मुलें त्यांवर केवळ बोट फिरवितात, कीं स्वतः शोधलेलें कांहीं मांडतात?