इंटरप्रिटर ओळीओळीने चालतो काय?

इंटरप्रिटर एक ओळ वाचतो, चालवतो, मग पुढची वाचतो. कंपायलर मात्र अख्खा प्रोग्राम आधी भाषांतरित करतो. क्रमिक पुस्तकांत हा फरक वर्षानुवर्षे असाच छापला जातो आणि उदाहरणादाखल पायथनचे नाव येते. पायथनच्या बाबतीत हे साफ चुकीचे आहे.

फाइलीच्या पहिल्या ओळीत प्रिंट लिहा आणि शेवटच्या ओळीत एक कंस उघडाच सोडा. पूर्वपक्ष खरा असता, तर आधी मजकूर उमटला असता, मग चूक दिसली असती. प्रत्यक्षात एक अक्षरही न उमटता सिंटॅक्स एरर येते.

यावर कोणी म्हणेल, आधी फक्त व्याकरण तपासले जाते. अर्थ ओळीओळीनेच लावला जातो. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचीही परीक्षा घेऊ. फंक्शनबाहेर एक्सची किंमत १० ठेवा. फंक्शनच्या आत आधी एक्स छापा आणि त्याखालच्या ओळीत त्याला २० ही किंमत द्या. फंक्शन चालवले की १० छापले जात नाही, छापण्याच्या ओळीवरच अनबाउंड लोकल एरर येते. खाली एक्सला किंमत दिली आहे, म्हणून ते नाव फंक्शनचे स्वतःचे, हा निवाडा फंक्शन चालण्याआधीच झालेला असतो. न चाललेल्या ओळीने वरच्या ओळीचा अर्थ ठरवला!

कारण, मजकुराची आधी टोकने पडतात, पार्सर त्यांतून वृक्ष उभारतो, वृक्षावरून बाइटकोड तयार होतो आणि मगच स्टॅकवर चालणारे आभासी यंत्र तो चालवते. म्हणजे सीपायथनच्या, अर्थात पायथनच्या प्रचलित अंमलबजावणीच्या, पोटातच कंपायलर आहे. २ + ३ * ४ सारखे एक्स्प्रेशन तर तो तिथेच सोडवून १४ हा आकडा बाइटकोडात ठेवतो.

याच्या जोडीला आणखी एक समज आहे: गुणाकार आधी, म्हणून त्याची पदेही आधी काढली जातात. पण क() + ख() * ग() मध्ये पायथन आधी क, मग ख, मग ग याच क्रमाने फंक्शने बोलावतो. अग्रक्रमाने वृक्षाचा आकार ठरतो. पदे डावीकडून काढायची हा स्वतंत्र नियम आहे. सी भाषेने तर तो क्रम ठरवूनच दिलेला नाही.

बॅशला जुने वर्णन बरेचसे लागू पडते: स्क्रिप्टच्या शेवटी चूक असली तरी वरच्या आज्ञा चालून जातात. उदाहरण द्यायचेच असेल, तर पुस्तकांनी बॅशचे द्यावे.