तारण : एक वाटाणा

आपल्याकडच्या चित्रपटाच्या जन्मावर विद्वानांनी भरपूर लिहिलं आहे. त्यात पौराणिक आशय असतो, राष्ट्रीय अस्मिता असते, कॅमेऱ्याचे कोन असतात. नसतं ते एवढंच, की पैसे कुठून आले? हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसालाच पडतो. गेली एकवीस वर्षं मी बँकेत कर्जाचे अर्ज नाकारतो आहे (मंजूर साहेब करतात, नाकारायचं काम कारकुनाकडे). त्या अधिकारानं धुंडिराज गोविंद फाळके यांची फाइल मी उघडतो आहे.

अर्जदाराचं वय १९११ साली एक्केचाळीस. इथंच पहिला लाल शेरा. या वयात माणसानं घर बांधायला कर्ज मागावं, फार तर मुंजीसाठी मागावं. पूर्वानुभव वाचायला घेतला तर कागद पुरत नाही. मुंबईला जे. जे.त चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नोकरी. ती सोडून छापखाना. त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि परतल्यावर भागीदारांशी फाटलं. म्हणजे नोकरी नाही, धंदा नाही, घरात बायको आणि मुलं. अशा अर्जदाराला आमच्याकडे आधी बसायला खुर्ची देतात, मग नकार.

कर्जाचं कारण काय, तर गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि या गृहस्थांना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसायला लागली. दुसऱ्या खेळाला सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. पुढे चार-सहा महिने हाताला लागतील ती पुस्तकं, भिंगं आणि फिल्मचे तुकडे घेऊन रात्रंदिवस बसले. इतके, की डोळे सुजले आणि दिसेनासं झालं. डॉक्टर भला भेटला म्हणून दृष्टी परत आली. मला या फाइलीतला हाच कागद उलटवत नाही. चित्रकार, छायाचित्रकार, ब्लॉकमेकर, सगळं पोट डोळ्यांवर. आणि त्या डोळ्यांनाच पहिलं पणाला लावलं. मित्रमंडळी तर त्यांना वेडात काढत होती. मित्रांचं काय, मीही काढलं असतं.

विलायतेला जायला पैसे हवेत. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. बारा हजारांच्या पॉलिसी, दहा हजार कर्ज. आता विमा कशासाठी असतो? आपण गेल्यावर बायकामुलांसाठी. फाळक्यांनी तो जिवंतपणीच वापरला. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. तिथं ओळख ना पाळख, थेट 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादकांनी आधी 'या फंदात पडू नका' असं बजावलं आणि मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत नेलंही. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र, छपाईचं यंत्र अशी खरेदी करून स्वारी एप्रिलमध्ये परत.

यंत्रं आली, आता चित्रपटाला भांडवल हवं. सावकारांनी वाटाण्याच्या अक्षता लावायला सुरुवात केली. फाळक्यांनी काय करावं? वाटाणाच पेरला! कुंडीत. त्याच्यासमोर कॅमेरा लावून रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. बघणारे थक्क झाले आणि पैसे द्यायला तयार झाले. तारण म्हणून अर्थात वाटाणा चालत नाही. सरस्वतीबाईंचे दागिने ठेवले गेले.

या बाईंचं नाव पडद्यावर नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. कोरी फिल्म बिनछिद्रांची यायची. घर झोपल्यावर त्या अंधारात बसून तिला छिद्रं पाडायच्या. रसायनं कालवायच्या. उन्हात चादरी धरून उभ्या राहायच्या, नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. शिवाय कंपनीतल्या साठसत्तर माणसांचा स्वयंपाक. नवऱ्यानं 'तारामतीचं काम तूच कर' म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. कामं थोडी का होती?

तारामतीसाठी जाहिराती झाल्या. सिनेमात काम करायला बायका येईनात. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके हा आचारी सापडला. नाजूक हात. पगार दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. एकदम पन्नास टक्के वाढ! आमच्या युनियनला आजवर जमलेली नाही, आणि आम्हांला कोणी मिशी काढायलाही सांगितलेलं नाही. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. रोहिदासाच्या कामाला घरचाच मुलगा, भालचंद्र. घरी विचारलं तर कुठं जातो सांगायचं? 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत'. सिनेमा म्हणजे बदनामी, फॅक्टरी म्हणजे अब्रू. वांगणीला बाह्यचित्रणासाठी गेले तर लाकडी तलवारी बघून गावाला दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि पाटलानं मंडळींना अडकवून ठेवलं. सत्यवचनी राजाला सुटण्यासाठी पेटीतला कॅमेरा दाखवावा लागला.

कित्येक महिने लागले. सदतीसशे फूट फिल्म झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. बोलपट नव्हे, मुकाच. पण तेवीस दिवस चालला. तेव्हा खेळ चार दिवसांत उतरायचे.

पुढं फाळके नाशकाला गेले. १९१७ च्या 'लंकादहना'त त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामं केली (पगार एकच असावा). त्या चित्रपटाची मद्रासेतली वसुली नाण्यांत इतकी झाली, की ती बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगतात. वर्षभरात धनिक भागीदार आपण होऊन दारात आले, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि लवकरच त्यांच्याशी न पटून फाळके काशीला निघून गेले. छापखान्याच्या वेळचा शेरा आठवतो ना? तो मी खोडलेला नाही.

बैलगाडीतली नाणी मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती सगळी मोजली कोणी? त्या कॅशियरचं नाव एकाही इतिहासात नाही.