थॉमसचा सण ३ जुलैलाच का?

ख्रिस्ती पंचांगात संताचा सण सहसा त्याच्या मृत्युदिनी येतो. देह ठेवला तो दिवस म्हणजे स्वर्गातला जन्मदिवस, ही जुनी श्रद्धा. संत थॉमसच्या सणाची कुळकथा मात्र त्याच्या अस्थींच्या प्रवासात सापडते. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा एक. इ.स. ७२ मध्ये चेन्नईजवळच्या टेकडीवर त्याला भाल्याने मारलं आणि मयलापूरला समुद्रकाठी पुरलं, असं परंपरा सांगते. सांथोमचं बॅसिलिका त्याच थडग्यावर उभं आहे.

पुढे एका व्यापाऱ्याने त्याच्या अस्थी एडेसाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाला नेल्या. चौथ्या शतकातल्या संत एफ्रेमच्या सीरियन गीतांत याचा उल्लेख आहे. अस्थी हलवल्याचा दिवस म्हणून ३ जुलै रूढ झाला. केरळचे सीरियन ख्रिस्ती हाच दिवस ‘दुखराना’ म्हणून पाळत आले. रोमने मात्र २१ डिसेंबर धरला होता, आणि पोर्तुगीजांबरोबर तीच तारीख आपल्याकडे आली.

१९६९ मध्ये रोमने पंचांग नव्याने बांधलं. नाताळच्या तयारीचे १७ ते २४ डिसेंबर हे दिवस मोकळे ठेवायचे ठरलं, तेव्हा थॉमसचा सण ३ जुलैला नेला. सांथोमपासून वसईजवळच्या सांडोरच्या सेंट थॉमस चर्चपर्यंत साऱ्यांच्या पंचांगात ही तारीख बदलली.

डिसेंबर टेकडीवरून तरीही गेला नाही. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर, तमिळ परंगिमलईवर, १५४७ मध्ये पोर्तुगीजांना खोदकामात एक दगडी क्रूस सापडला. वर खाली झेपावणारं कबूतर, भोवतीच्या कमानीवर पहलवी लिपीतला लेख. आज तो तिथल्या वेदीवर बसवलेला आहे. १८ डिसेंबर १५५८ रोजी मिस्सा चालू असताना या दगडाला घाम फुटला, अशी नोंद आहे. त्या दिवशी प्रसूतीची वाट पाहणाऱ्या मारियेचा सण होता. ६५६ मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने तो १८ डिसेंबरला नेमला होता. टेकडीवरचं चर्चही याच मारियेचं.

म्हणून सणाची तारीख मला इतिहासाच्या कागदाइतकीच मोलाची वाटते. जुलै पाळताना मयलापूर ते एडेसा हा रस्ता आठवावा, डिसेंबरात टोलेडो ते परंगिमलई. दोन्ही रस्ते चेन्नईतून जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला हवेत.