बालकांचा खोकला आणि प्रतिजैविके

लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतात. प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, जिवाणूंचा नाश करतात. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. साधी सर्दी विश्रांती, पुरेसे पातळ पदार्थ आणि स्तनपान यांच्या आधारे आपोआप बरी होते. जिवाणूजन्य न्यूमोनियात मात्र हीच औषधे वेळेवर न मिळाल्यास बालक दगावू शकते. म्हणूनच या दोन आजारांतील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

श्वासांची मोजणी

मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हेही धोक्याचे चिन्ह आहे. दूध वा पाणी न पिणे, झटके येणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास बालकाला तातडीने रुग्णालयात न्यावे. दोन महिन्यांखालील आजारी अर्भकाच्या बाबतीत घरी वाट पाहू नये.

गडचिरोलीचा प्रयोग

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात या निकषांचा वापर केला. प्रशिक्षित आरोग्यसेवक व सुईणींनी गावातच न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक दिले. 'लॅन्सेट' नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या ६१२ बालरुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या क्षेत्रात ते १३.५ टक्के होते. आज न्यूमोनियासाठी प्रामुख्याने अमॉक्सिसिलिनची शिफारस केली जाते.

अतिवापराचा धोका

गडचिरोलीच्या खेड्यांत प्रश्न औषध पोहोचविण्याचा होता. जबलपूरच्या नेपियर टाउनसारख्या शहरी वस्तीत तो अनावश्यक वापर टाळण्याचा असतो. अकारण दिलेल्या प्रतिजैविकांमुळे जुलाब व पुरळ उद्भवू शकतात. शिवाय जिवाणूंत प्रतिकारशक्ती निर्माण होऊन खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी औषध निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो. भारतात २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानातील स्वतंत्र नोंद बंधनकारक आहे.

पालकांनी घ्यावयाची दक्षता

उरलेले औषध पुन्हा वापरू नये, तसेच एका मुलाचे औषध दुसऱ्याला देऊ नये. मात्रा बालकाच्या वजनानुसार किंवा वयानुसार ठरते. ती व औषधाचे दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याविना बदलू नयेत. न्यूमोकोकल लस २०१७ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली असून ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. लसीकरणामुळे न्यूमोनिया टळतो आणि पर्यायाने प्रतिजैविकांची गरजही घटते.